एशियाडचा फळा कसा लिहावा

आमच्या वाचनालयाच्या पडवीत एक जुना फळा आहे. एरवी त्यावर 'मासिके फाडू नयेत' एवढंच असतं. २०१८ च्या जकार्ता एशियाडपासून मात्र, एशियाड किंवा ऑलिंपिक आलं की मी तो पुसते आणि भारताच्या संघाचा रोजचा हिशेब त्यावर मांडते. शेजारच्या दोन गावांनी विचारलं, मावशी, आम्हालाही असा फळा करायचाय, कसा करायचा? एकदा लिहूनच टाकते.

सुरुवात 'एशियाड म्हणजे काय' यापासून करावी लागते, हे आधीच सांगते. आमच्याकडच्या पोरांना एशियाड म्हणजे हिरवी-पांढरी निमआराम एसटी वाटायची. चुकीचं नाही ते. एशियाड म्हणजे आशियाई देशांची क्रीडास्पर्धा, आणि त्या गाडीला नाव १९८२ च्या दिल्ली एशियाडवरूनच पडलं. म्हणून पहिल्या दिवशी मी कोपऱ्यात बस काढते. चित्र वाईट येतं, पण पोरं थांबतात.

आता वेळ. यंदाचं, म्हणजे २०२६ चं एशियाड जपानमध्ये आयची-नागोयाला आहे, १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. तिथली सकाळची नऊची फेरी म्हणजे आपले साडेपाच, आणि तिथली संध्याकाळी सातची शर्यत म्हणजे आपले दुपारी साडेतीन. फळ्यावर फक्त आपली वेळ लिहा. दोन्ही वेळा लिहिल्या की लोक चुकीचीच वाचतात. 'उद्या काय आहे' हे आदल्या रात्री लिहून झोपायचं, कारण सकाळच्या फेऱ्या दूधवाला येण्याआधी सुरू झालेल्या असतात. संध्याकाळच्या बऱ्याच निकालांची खबर पाचच्या सुमारास हातात येते, नेमकी शाळा सुटते तेव्हा. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी उलटं होतं. ते आपल्यामागे साडेतीन तास, त्यामुळे रात्रीचे निकाल मला पहाटे उठून लिहावे लागायचे.

फळ्याचे तीन भाग करा: डावीकडे 'आज', मध्ये 'झालं', उजवीकडे 'अजून जिवंत', म्हणजे ज्यांची पदकाची आशा संपलेली नाही ते. हा उजवा भाग लोक विसरतात, आणि खरी गंमत त्यातच असते. बॉक्सिंगमध्ये उपांत्य लढत हरलेल्या दोघांनाही कांस्य मिळतं, त्यासाठी वेगळी लढत नसते. २०२३ ला चीनमधल्या हांगझोऊ एशियाडमध्ये निखत झरीन उपांत्य फेरीत हरली आणि एकाने घाईने तिचं नाव पुसलं. पदक पक्कं होतं! कबड्डीतही तसंच. कुस्तीत पद्धत आणखी वेगळी. तुम्हाला हरवणारा अंतिम फेरीत गेला, तर तुम्हाला मागच्या दाराने पुन्हा आखाड्यात येता येतं. साक्षी मलिकचं २०१६ चं रिओतलं कांस्य असंच आलं, उपांत्यपूर्व फेरीत हरल्यावर. हॉकीत किंवा तिरंदाजीत मात्र कांस्यासाठी वेगळा सामना खेळून जिंकावा लागतो. तेव्हा कुणी हरलं की आधी विचारा, हा खेळ कोणता. मग फडकं उचला.

कुस्तीच्या बाबतीत आणखी एक. आमचं गाव कराडच्या बाजूचं. खाशाबा जाधवांचं गोळेश्वर इथून सायकलवर जाण्याइतकं जवळ. १९५२ च्या हेलसिंकीचं त्यांचं कांस्य म्हणजे आम्हाला घरचं पदक. इथं कुस्तीबद्दल चुकीचं लिहिलं तर रात्री गावातले आप्पा दारात उभे. त्यांनीच मला शिकवलं, पैलवानाच्या नावापुढे वजनी गट लिहायचाच. ६ ऑगस्ट २०२४ ला मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'विनेश फोगाट, ५० किलो, उद्या रात्री अंतिम कुस्ती'. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन शंभर ग्रॅमने जास्त भरलं आणि ती बाद झाली. मी फडकं घेऊन गेले तर आप्पा म्हणाले, "पुसायचं न्हाई. खाली कारण लिव्हा." मग मी लिहिलं, की कुस्तीत दोन्ही दिवशी सकाळी वजन होतं, आणि दुसऱ्या दिवशी जास्त भरलं तर आदल्या दिवशी जिंकलेलंही जातं. ती ओळ चार दिवस तशीच होती. तेवढी गर्दी मी त्या फळ्यापुढे पुन्हा पाहिली नाही.

निकाल कळला रे कळला की खडू उचलू नका. हा धडा मला ज्योती याराजीने दिला. हांगझोऊला १०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत चीनच्या धावपटूची सुरुवात चुकली, पंचांनी आधी ज्योतीलाही बाद ठरवलं, मग दोघी निषेध नोंदवून धावल्या, ज्योती तिसरी आली, आणि शेवटी चीनची मुलगी बाद होऊन ज्योतीला रौप्य. त्या एका संध्याकाळी माझ्या फळ्यावर 'बाद', 'कांस्य' आणि 'रौप्य' असे तिन्ही शब्द येऊन गेले. त्याच स्पर्धेत नीरज चोप्राची पहिली फेक मोजायचीच राहून गेली, आणि पुरुष कबड्डीचा इराणविरुद्धचा अंतिम सामना २८-२८ वर अडकून वादात थांबला. शेवटी ३३-२९ ने आपण जिंकलो, पण तोवर इथं दोन गट पडून झाले होते. आता मी निकाल आधी पिवळ्या खडूने लिहिते. अधिकृत झाला की पांढऱ्याने गिरवते. पोरांना हे इतकं पाठ झालंय की ती विचारतात, "मावशी, अजून पिवळाच?"

पदकतक्त्याचा तर वेगळाच घोळ. तक्ता आधी सुवर्ण मोजतो, एकूण पदकं नाही. हांगझोऊत दक्षिण कोरियाची एकूण पदकं १९० आणि जपानची १८८, तरी जपान वर, कारण जपानची सुवर्णं ५२ आणि कोरियाची ४२. भारत २८ सुवर्णांसह चौथा. पॅरिसमध्ये पाकिस्तान एकाच पदकावर आपल्या सहा पदकांच्या वर होता, कारण ते एक सुवर्ण आणि आपलं एकही नाही. यावर चहाच्या टपरीवर भांडण होणारच. हे गणित तक्त्याखाली एका ओळीत लिहून ठेवलं की भांडण लवकर मिटतं.

नावं नीट लिहा. वर्तमानपत्रांत नेमबाज स्वप्नीलचं आडनाव 'कुसाळे' आणि 'कुसळे' असं दोन्ही छापून आलं होतं, त्यावर आमच्याकडे अर्धा तास गेला. नावापुढे गाव किंवा राज्य लिहा, पण महाराष्ट्राचेच खेळाडू लिहू नका. मोह होतो. हांगझोऊला साताऱ्याची अदिती स्वामी, नागपूरचा ओजस देवतळे, बीडचा अविनाश साबळे, सगळेच पदकांच्या शर्यतीत होते, आणि मला वाटलं एवढ्यावरच फळा भरेल. मग ३ ऑक्टोबरला मेरठकडच्या पारुल चौधरीने ५००० मीटरच्या अगदी शेवटच्या मीटरांत जपानच्या मुलीला मागे टाकलं आणि पडवीत एक म्हातारी टाळ्या वाजवायला लागली. तिला मेरठ कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. परक्या नावांचाही अर्थ द्या. महिला कबड्डीचा अंतिम सामना २६-२५ असा 'चायनीज तैपेई'विरुद्ध जिंकला, तेव्हा ते कोण हे चौघांनी विचारलं. कंसात 'तैवान' लिहिलं की झालं.

आता माझी स्वतःची चूक. २९ सप्टेंबर २०२३ ला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभ्याने मारायच्या नेमबाजीत, भारताच्या पुरुष संघाला सुवर्ण मिळालं. मी ते लिहिलं. त्याच दिवशी वैयक्तिक अंतिम फेरीत स्वप्नील कुसाळे आघाडीवर होता आणि उभ्याने मारताना त्याची एक गोळी ७.६ गुणांवर गेली, जिथे एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ मिळतात. चौथा आला. चौथ्याला काय लिहायचं, म्हणून मी नाव सोडून दिलं. पुढच्या वर्षी १ ऑगस्टला हाच कांबळवाडीचा पोरगा पॅरिसच्या अंतिम फेरीत आला. गुडघ्यावर बसून सहावा, पालथं झोपून पाचवा आणि उभ्याने तिसरा. नेमक्या उभ्यानेच. ज्यांनी फक्त माझा फळा वाचला होता, त्यांना यात काय विशेष ते कळलंच नाही. शिवाय पॅरिसची ती जागासुद्धा भारताला मिळाली होती ती २०२२ ला कैरोच्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला म्हणून. तेव्हापासून फळ्याच्या तळाशी एक आडवी पट्टी असते. तिथं रोजचे चौथे लिहायचे, आणि का चौथे, तेही. जागा कमी पडली तर पदकतक्ता लहान करा, ही पट्टी नको.

पावसाचं बघा. सप्टेंबरात फळा ओला झाला की खडू सरकतो, म्हणून भिंतीपासून हातभर आत टांगा. यंदा गणपतीही त्याच दिवसांत आहेत, अनंत चतुर्दशी २५ ला. मिरवणुकीच्या रात्री फळा आत घ्या, गुलाल निघत नाही. मंडळवाल्यांना आधी सांगून ठेवलं तर आरतीनंतर ते माईकवर निकाल वाचतात. फक्त चिठ्ठी लिहून द्या, तोंडी सांगितलं की रौप्याचं सुवर्ण होतं.

आणि रोज रात्री पुसण्याआधी सगळं वहीत उतरवा. मोबाईलवरचा फोटो चालतो, पण फोटोत भर घालता येत नाही. माझ्या वहीत दोन ठिकाणी मागाहून भर आहे. २०१८ च्या मिश्र चार गुणिले चारशे रिलेचं रौप्य खोडून वर 'सुवर्ण' केलंय, कारण पहिल्या आलेल्या बहरीनची धावपटू उत्तेजकात सापडली. आणि हांगझोऊच्या त्या पानावर समासात, वेगळ्या शाईने: 'स्वप्नील कुसाळे, वैयक्तिक, चौथा. उभ्याने एक गोळी ७.६.'