रग्बीतली पहिली टॅकल: आधी डोक्याची जागा, मग धाडस

रग्बी शिकू पाहणाऱ्या नवख्या खेळाडूला आपल्याकडे एक सल्ला हमखास मिळतो, तो म्हणजे, ‘कबड्डी खेळला आहेस ना, मग टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून खाली पाडणे, वेगळी शिकायची गरज नाही.’ मीही तो ऐकला होता आणि पहिल्याच मोसमात कानाच्या वर टेंगूळ घेऊन घरी गेलो होतो. त्यानंतर बरीच वर्षे नव्या मुलांना शिकवल्यावर माझे मत पक्के झाले आहे, की कबड्डीपटूला टॅकल अधिक काळजीपूर्वक शिकवावी लागते, कारण त्याला काही गोष्टी आधी विसराव्या लागतात.

खेळाची ओळख थोडक्यात उरकता येते. एका संघात 15 खेळाडू आणि सामना 80 मिनिटांचा असतो; 2016 पासून ऑलिम्पिकमध्ये असलेल्या सेव्हन्स प्रकारात 7 खेळाडू आणि 14 मिनिटे. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला की ट्रायचे 5 गुण, त्यानंतरची किक खांबांमधून गेली तर आणखी 2, पेनल्टी किक किंवा ड्रॉप गोलचे (चालू खेळात चेंडू जमिनीवर टाकून उसळताच खांबांमधून मारण्याचे) 3. हाताने चेंडू पुढे फेकता येत नाही. पुढे न्यायचा तर घेऊन पळावे लागते किंवा लाथेने मारावा लागतो. एवढे कळले की मैदानात उतरायला हरकत नाही, बाकीचे नियम शिट्टी वाजेल तसे कळत जातात. पासिंगही आठवड्याभरात जमते: चेंडू दोन्ही हातांत, नजर ज्याला द्यायचा त्याच्यावर आणि फेक त्याच्या थोडी पुढे, म्हणजे त्याला पळता पळता घेता येईल. स्क्रमच्या, म्हणजे दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांना धरून, खांद्याला खांदा लावून चेंडूसाठी रेटतात त्या रचनेच्या, पहिल्या रांगेत मात्र जाणत्या प्रशिक्षकाशिवाय कोणीही उभे राहू नये. पहिले दोन आठवडे टच रग्बीच खेळावी, म्हणजे पाडण्याऐवजी नुसता स्पर्श करायचा.

आता टॅकल. कबड्डीतला चढाईपटू पकडीच्या क्षणी बहुधा मध्यरेषेकडे परतत असतो, त्याला पळायला फारशी जागा नसते आणि पकडणारे दोघे-तिघे असतात. रग्बीत समोरचा माणूस वीस-पंचवीस मीटर पळत, पूर्ण वेगात तुमच्याच दिशेने येतो आणि त्याच्यासमोर बहुतेक वेळा तुम्ही एकटेच असता. अशा वेळी घोट्याची पकड घ्यायला खाली झेप घेतली, तर डोके नेमके त्याच्या गुडघ्याच्या वाटेत जाते. माझे तेच झाले. पावसाने चिखल झालेल्या मैदानावर तो डावीकडून निसटू पाहत होता. मी सवयीने घोट्याकडे झेपावलो, डोके त्याच्या पुढच्या बाजूला गेले आणि गुडघा कानाच्या वर बसला. तोंडात चिखल होता आणि मी शेजारच्या खेळाडूला गुणसंख्या तीनदा विचारली, असे नंतर कळले. आमच्या तेव्हाच्या प्रशिक्षकांनी पाणी मारून मला पुन्हा उभे केले, आणि त्या दिवसातली मोठी चूक झेपेपेक्षा ही होती. डोक्याला मार लागून खेळाडू गोंधळलेला दिसला, तर त्याला त्याच क्षणी बाहेर काढावे, त्या दिवशी पुन्हा खेळू देऊ नये आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय सामन्यात घेऊ नये. स्क्रम कॅप, म्हणजे डोक्यावरची मऊ गादीदार टोपी, घातली की डोके सुरक्षित, हाही गैरसमज आहे. ती कान आणि कातडी वाचवते, मेंदूला बसणारा हादरा थांबवत नाही. माउथगार्ड मात्र सरावालाही हवाच.

डोक्याची जागा ठरवण्याचा नियम एकच आहे: ते चेंडूवाल्याच्या पळण्याच्या वाटेत कधीही येता कामा नये. तो तुमच्या उजवीकडून निघाला असेल, तर उजवा पाय पुढे, उजवा खांदा त्याच्या मांडीवर आणि उजवा गाल त्याच्या नितंबाला मागून चिकटलेला. डावीकडून निघाला तर सगळे उलट. मुले हे ऐकून हसतात. हसू द्यावे, कारण हसत ऐकलेली ही गोष्ट ती विसरत नाहीत. डोके मागे असले की तो पडताना तुम्ही वर किंवा बाजूला येता, आणि पुढे असले की त्याचे सगळे वजन तुमच्या मानेवर येते.

दुसरी गोष्ट पावलांची. टॅकल चुकते ती बहुतेक वेळा हातांमुळे नव्हे, तर लांबून मारलेल्या झेपेमुळे. शेवटची तीन-चार पावले लहान करावीत आणि पुढचा पाय त्याच्या पायांजवळ रोवल्यावरच खांदा लावावा. वाकायचे ते गुडघ्यांतून, कमरेतून नव्हे. पाठ सरळ, हनुवटी वर आणि डोळे उघडे. ‘डोळे मिटून घुस’ असे सांगणाऱ्या माणसाचे पुढचे काहीही ऐकू नये. नजर त्याच्या चेहऱ्यावर किंवा चेंडूवर न ठेवता हाफ पँटच्या नाडीवर ठेवावी, कारण हुलकावणी हातांनी, डोळ्यांनी आणि खांद्यांनी देता येते. कंबर मात्र त्याला जायचे असते तिकडेच जाते.

खांदा लागला की दोन्ही हात मांड्यांभोवती आवळून पाय चालवत राहावे. नुसता खांदा मारून, हात न आवळता ढकलणे कबड्डीत चालून जाते, इथे ती थेट पेनल्टी आहे. खांद्यांच्या रेषेच्या वरची टॅकल तर धोकादायक खेळात मोडते आणि त्यासाठी कार्डही निघते. तिसरी कबड्डीची सवय धरून ठेवण्याची: माणूस जमिनीवर आला की त्याला लगेच सोडावे आणि बाजूला लोळावे. त्यानेही चेंडू तत्काळ सोडायचा असतो, पण तुम्ही मिठी मारून बसलात तर शिट्टी तुमच्यावरच वाजेल.

सरावाचा क्रम मी कधीच बदलत नाही. आधी दोघेही गुडघ्यांवर, मग समोरचा चालत, मग हळू धावत, आणि पूर्ण वेग सर्वांत शेवटी. प्रत्येक टप्प्यावर जोडीदाराने ‘डोके कुठे होते?’ असे विचारावे आणि उत्तर चटकन आले नाही, तर मागच्या टप्प्यावर परतावे. कबड्डीतून आलेल्या मुलांना बसकी ठेवण आणि साखळीत एका ओळीत सरकण्याची शिस्त आयती मिळालेली असते. बचावाची रांग लावताना ती फार उपयोगी पडते.

बहुतेक जण उजव्या खांद्याने चार दिवसांत तयार होतात आणि डावा तसाच सोडून देतात. समोरच्या संघाला हे दहा मिनिटांत कळते आणि मग सगळे त्याच बाजूने येतात. माझा डावा खांदा आजही थोडा कच्चा आहे, म्हणून प्रत्येक सरावातल्या पहिल्या वीस टॅकल मी त्याच बाजूने करतो.