आपलं स्पेशल माणूस घरातून निघून गेलं तर: गोव्यात कायद्याचा आधार कसा घ्यायचा

घरात ऑटिझमचं मूल असो, बौद्धिक दिव्यांग भाऊ असो, डिमेन्शिया झालेले आजोबा असोत की मानसिक आजारातली मावशी, गेटची कडी उघडी दिसली की पोटात कसा गोळा येतो ते ज्याचं त्यालाच माहीत. हे लिहितेय ते अशा घरांसाठी.

आपल्याकडे अशा हरवलेल्यांसाठी एकच एक असा कायदा नाही. अमेरिकेत आहे, २०१८ साली केविन आणि अवॉन्टे या दोन मुलांच्या नावाने झाला, दोघंही ऑटिझमची, दोघंही अशीच निघून गेली आणि दोघांचाही शेवट पाण्यात झाला. इथे संरक्षण आहे पण ते चार-पाच कायद्यांत विखुरलंय, आणि ठाण्यात ड्युटीवर बसलेल्या हवालदाराला ती सगळी कलमं पाठ असतील असं धरून चालू नका. ती आपल्याला माहीत हवीत, आणि नुसती माहीत नाही तर अर्जात लिहिता आली पाहिजेत.

पण कायद्याच्या आधी पाणी. ऑटिझमच्या बऱ्याच मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते, आणि गोव्यात पाणी कुठे नाही? विहीर, तळी, खाजनाचा (खाडीकाठच्या शेतीचा) बांध, मानशीजवळचा (बांधातल्या पाण्याच्या दाराजवळचा) खोल भाग, नदी, समुद्र. घरात दोनच माणसं असली तरी एकाने सरळ पाण्याकडे धावायचं आणि दुसऱ्याने ११२ लावायचा, नातेवाईकांना फोन नंतर. बीच जवळ असेल तर लाईफगार्डच्या टॉवरवर जाऊन फोटो दाखवा, अंधार पडायला आला असेल तर आणखीच घाई करा कारण त्यांची ड्युटी संध्याकाळी संपते.

आता पोलीस स्टेशन. तिथे हमखास ऐकायला मिळणारं वाक्य म्हणजे "आधी पाहुण्यांकडे बघा, चोवीस तास होऊ देत मग या". असा नियम कुठल्याही कायद्यात नाही, अजिबात नाही, मूल असो वा मोठं माणूस. भांडू नका, आवाज चढवू नका, फक्त म्हणा की साहेब मी लेखी अर्ज देते, तुम्ही पोच द्या. पोच म्हणजे आपल्या झेरॉक्सवर शिक्का, तारीख, वेळ आणि सही. वेळ लिहून घ्यायला विसरू नका, पुढे सगळं त्या वेळेवरच मोजलं जातं.

हरवलेलं माणूस १८ च्या खाली असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. बचपन बचाओ आंदोलनच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १० मे २०१३ ला स्पष्ट सांगितलंय की मूल हरवल्याची तक्रार आली की एफआयआर नोंदवायचीच आणि अपहरण किंवा मानवी तस्करी झालीय असं गृहीत धरूनच तपास सुरू करायचा. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर केस मानवी तस्करीविरोधी पथकाकडे द्यायची. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती मागून घ्याच. मुलाची माहिती आणि फोटो सरकारच्या हरवलेल्या मुलांच्या पोर्टलवर चढवला का तेही विचारा, आणि १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, स्वतः फोन करून सांगून ठेवा, पोलीस सांगतील म्हणून थांबू नका.

खरी अडचण १८ च्या वरच्यांची, आणि आपल्यातल्या बहुतेकांची मुलं आता त्या वयात आलीयत. कागदावर तो २४ वर्षांचा सज्ञान पुरुष, मग पोलीस म्हणतात सज्ञान आहे, मर्जीने गेला असेल, येईल परत. साधी मिसिंगची नोंद होते आणि ती वहीत पडून राहते. प्रत्यक्षात तो पाच वर्षांच्या पोरासारखा, कोणीही हात धरला तर बरोबर जाणारा. ही जी दरी आहे ना ती अर्जातल्या शब्दांनीच भरून काढावी लागते, म्हणून मी ज्या घरांना मदत करते त्यांना अर्ज आधीच लिहून ठेवायला सांगते, फक्त तारीख, वेळ आणि कपडे भरायचे बाकी ठेवायचे. साधारण असा:

"माझा भाऊ, वय २४, बौद्धिक दिव्यांग आहे, यूडीआयडी कार्डाची (दिव्यांग ओळखपत्राची) झेरॉक्स सोबत जोडली आहे. त्याला स्वतःचा पत्ता सांगता येत नाही, रहदारीचा व पाण्याचा धोका कळत नाही, अनोळखी माणसाबरोबरही तो जातो. तो स्वतःच्या निर्णयाने घर सोडून गेलेला नाही. त्याला कोणी फूस लावून नेले असण्याची शक्यता आहे. त्याच्या जिवाला तातडीचा धोका असल्याने ताबडतोब शोध सुरू करावा, शेजारच्या जिल्ह्यांना व राज्यांना संदेश पाठवावा, आणि खालील ठिकाणचे सीसीटीव्ही फुटेज पुसले जाण्याआधी ताब्यात घ्यावे."

यातलं प्रत्येक वाक्य कामाचं आहे. 'स्वतःच्या निर्णयाने गेला नाही' लिहिलं की मर्जीचा मुद्दा सुटतो. फूस लावल्याचा संशय खरोखर असेल तरच ते वाक्य ठेवा, पण असेल तर नक्की लिहा, कारण दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की एफआयआर घ्यावीच लागते, हे सुप्रीम कोर्टात ललिता कुमारी केसमध्ये २०१३ मध्येच ठरलंय. १ जुलै २०२४ पासून जी नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली तिच्या कलम १७३ मध्ये झिरो एफआयआर आलीय, म्हणजे तुम्ही फोंड्याचे, माणूस मडगावच्या स्टँडवरून गेलं, तरी फोंड्यात तक्रार देता येते, 'आमची हद्द नाही' चालत नाही. घेतली नाही तर त्याच कलमाखाली एसपींना लेखी कळवायचं, तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे.

सीसीटीव्हीचं मी मुद्दाम ठासून सांगतेय. दुकानदार आपल्याला फुटेज दाखवेल किंवा नाही दाखवणार, पण पोलिसांना ते मागायचा अधिकार आहे, आणि बऱ्याच ठिकाणी जुनं फुटेज काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. मोबाईलचं लोकेशनसुद्धा कंपनी आपल्याला देत नाही, पोलिसांनाच देते, म्हणून हरवलेल्याजवळ मोबाईल असेल तर त्याचा नंबर अर्जात घाला.

आता दुसरी बाजू, म्हणजे आपलं माणूस कुठेतरी भटकताना पोलिसांना सापडलं तर. मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ चं कलम १०० पाठच करा. हद्दीत कोणी असं भटकताना दिसलं की ज्याला मानसिक आजार आहे आणि जो स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असं मानायला कारण आहे, त्याला संरक्षणाखाली घेणं हे ठाण्याच्या इन्चार्जचं कर्तव्य आहे. त्याला लॉकअपमध्ये किंवा जेलमध्ये ठेवता येत नाही, कुठल्याही परिस्थितीत नाही. जास्तीत जास्त २४ तासांत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावं लागतं (ते चोवीस तास इथले आहेत, तक्रार घेण्याचे नाहीत). आणि याच कलमात पुढे आहे की अशा भटकणाऱ्या माणसाबद्दल मिसिंगची एफआयआर नोंदवायची आणि घरच्यांना शोधून काढून कळवायचं, हेही ठाण्याचंच काम. या कायद्याच्या व्याख्येत बौद्धिक दिव्यांगत्व मानसिक आजारात धरलेलं नाही हे खरं, पण रस्त्यावरच्या माणसाकडे बघून तो फरक कोणाला कळणार, त्यामुळे असं माणूस पोलिसांना सापडलं तर याच रस्त्याने पुढे नेलं जाण्याची शक्यता जास्त.

म्हणून शोधताना बांबोळीला चौकशी कराच, गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत आणि तिथल्याच मनोरुग्ण हॉस्पिटलमध्ये, म्हणजे आयपीएचबीमध्ये. म्हापशाचं आणि मडगावचं जिल्हा हॉस्पिटलही. नाव विचारू नका, नाव त्याला सांगता आलेलं नसतं. वर्णन सांगा, खूण सांगा, कपडे सांगा.

आणि गोवा केवढासा, सकाळी निघालेलं माणूस जेवणाच्या वेळेपर्यंत राज्याबाहेर असतं. माझ्या भाच्याला बसमध्ये खिडकीची सीट मिळाली की तो शेवटच्या स्टॉपपर्यंत उतरतच नाही, कंडक्टरने सांगितलं तरच उतरतो, मग समोर जी बस उभी असेल तिच्यात चढतो. डिचोलीहून पणजी, पणजीहून सावंतवाडी, आणि कोणाला काही वावगं वाटत नाही कारण तो शांत बसलेला असतो. तेव्हा कदंबच्या, म्हणजे सरकारी बसच्या, स्टँडवरचा कंट्रोलर, फेरीबोटीवरची माणसं, थिवी-करमळी-मडगाव स्टेशनवरची आरपीएफ, रेल्वेचा १३९, या सगळ्यांना फोटो पोचवा, आणि पोलिसांना सिंधुदुर्ग आणि कारवारला संदेश पाठवायला सांगा.

व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचा का? टाका, पण त्यावर तुमच्याऐवजी पोलीस स्टेशनचा नंबर आणि ११२ असू दे, कारण घरच्या नंबरवर पैसे मागणारे फोन येतात. आजाराची कुंडली मांडू नका, 'बोलत नाही, हात धरू नका, हळू बोला' एवढं पुरे. सापडल्यावर सगळीकडून काढून टाका. सापडलेल्या मुलाची ओळख छापणं हा जेजे ॲक्टच्या (बाल न्याय कायद्याच्या) कलम ७४ खाली गुन्हा आहे, त्यामुळे 'मूल सापडलं' म्हणून कोणी चेहऱ्यासकट व्हिडिओ फिरवत असेल तर त्याला थांबवा.

कोणा दुसऱ्याचं मूल तुम्हाला एकटं दिसलं तर २४ तासांच्या आत पोलीस, १०९८ किंवा बाल कल्याण समितीला कळवणं सक्तीचं आहे, घरी नेऊन ठेवायचं नाही, कितीही चांगल्या मनाने असलं तरी. आणि गावात कोणी अनोळखी गोंधळलेला माणूस दिसला की चोर, पोरं पळवणारा म्हणून घेराव घालतात, हे बघून जीव तुटतो. चारचौघांत दिव्यांग माणसाचा मुद्दाम अपमान केला, धमकावलं तर दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ९२ खाली सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे तिथल्या तिथे मोठ्याने सांगा, गर्दी मागे सरते.

घरच्यांना सगळे एकच सल्ला देतात, बांधून ठेवा. नाही. मेंटल हेल्थकेअर ॲक्टच्या कलम ९५ मध्ये साखळीने बांधायला, कुठल्याही स्वरूपात, बंदी आहे, आणि घरात कोणाला असं छळलं जातंय असं कळलं तर ठाण्याच्या इन्चार्जने मॅजिस्ट्रेटला कळवायचं असं कलम १०१ सांगतं. त्यापेक्षा दाराला घंटी लावा, वरच्या बाजूला कडी बसवा, जीपीएसचं घड्याळ चालत असेल तर घाला. घड्याळ काढून फेकणारे असतात, त्यांच्या शर्टाच्या कॉलरच्या आत कापडाची पट्टी शिवा, नाव नको, फक्त फोन नंबर आणि 'मला बोलता येत नाही' एवढं मराठीत, हिंदीत आणि रोमन अक्षरांत, कारण बीचवर आणि हॉटेलात काम करणाऱ्या अनेकांना मराठी वाचता येत नाही.

फाइल आजच करा. यूडीआयडी कार्ड, गेल्या काही महिन्यांतले दोन फोटो, एक चेहऱ्याचा आणि एक पूर्ण उभा, आधारची झेरॉक्स, औषधांची चिठ्ठी, अंगावरच्या खुणा, आवडत्या जागा, कशाला घाबरतो, कुठल्या हाकेला वळतो. आधारचे बोटांचे ठसे मुलाच्या वयाच्या ५ व्या आणि १५ व्या वर्षी अपडेट करावे लागतात, ते राहिलं असेल तर आधी करा. बोलता न येणारी कितीतरी माणसं वर्षांनंतर आधार सेंटरवर ठसे जुळले म्हणून घरी पोचलीयत.

मूल १८ चं झालं की आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे खूप घरांना माहीतच नसतं, आणि मग सापडलेल्या माणसाला ताब्यात घेताना कागद मागितला की पंचाईत होते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांच्यासाठी नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ आहे, त्याखाली कलेक्टरच्या अध्यक्षतेखालच्या लोकल लेव्हल कमिटीकडे अर्ज करून पालकत्वाचा दाखला मिळतो. मानसिक आजार असेल तर वेगळा मार्ग, मेंटल हेल्थकेअर ॲक्टच्या कलम १४ खाली साध्या कागदावर नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे आपला प्रतिनिधी, नेमता येतो, त्या व्यक्तीनेच सही करून. बरं वाटत असतानाच करून घ्या.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. दिव्यांग व्यक्तीला आणि मुलांना १९८७ च्या कायद्याने मोफत कायदेशीर मदत मिळते, नंबर १५१००. तक्रार घेऊनही तपास हलत नसेल तर दिव्यांगांच्या राज्य आयुक्तांकडे लेखी तक्रार करा, आणि कोणी डांबून ठेवलंय असा संशय असेल तर पर्वरीला हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे त्या माणसाला कोर्टापुढे हजर करा अशी याचिका, लावता येतं. तिथे पहिला प्रश्न हाच येतो की तुम्ही ठाण्यात कधी गेलात, त्या वेळी ती शिक्का मारलेली पोच पुढे करायची.