ऊसतोडीहून परतलेल्या लेकरांचा पूरक वर्ग कसा घ्यावा

आमची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते पाचवी, दोन शिक्षकी. बीड जिल्ह्यातला बालाघाटाचा डोंगरपट्टा, जमीन हलकी, पाणी कमी. दसरा झाला की गावातून कोयते निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे एक कोयता म्हणतात आणि त्या कोयत्याबरोबर लेकरंही जातात, कुणी सांगलीकडे, कुणी कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. परततात ती पाडव्याच्या आगेमागे. तोवर वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते, मग मे महिन्याची सुट्टी. म्हणजे खरी शाळा हाती लागते ती जून ते दसरा, चार महिने. त्यातून पोळा, गणपती, महालक्ष्म्या आणि पावसाचे दिवस वजा करा.

या चार महिन्यांत मागे पडलेल्या लेकराला वाचायला आणि हिशेब करायला कसं शिकवायचं, ते मी इथं लिहिते आहे. पहिल्या दोन वर्षांत मी चुकीच्या पद्धतीनं शिकवलं. शाळा सुटल्यावर सगळ्यांना बसवून चौथीचाच धडा पुन्हा हळू वाचून दाखवत होते. ज्याला अक्षर ओळखता येत नाही, त्याला धडा हळू वाचला काय आणि जोरात वाचला काय, सारखंच. तो गप्प बसून राहायचा आणि मला वाटायचं ऐकतो आहे.

आधी कायदा वाचा

हा वर्ग घ्यायला वेगळी परवानगी लागत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. त्यातलं एक असं, की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासायची आणि गरज असेल तर त्याला जादा शिकवायचं. त्याच कायद्याचं कलम २८ शिक्षकाला खासगी शिकवणी घ्यायला मनाई करतं. दोन्ही कलमं एकाखाली एक ठेवून वाचा. जादा शिकवणं हे आपल्या पगारात धरलेलं काम आहे आणि त्यासाठी पालकाकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. ‘पोराला शिकवणी लावा’ असं उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन जगणाऱ्या बापाला सांगितलेलं मी ऐकलं आहे. ते वाक्य शाळेच्या आवारात कुणी बोलू नये, असं मला मनापासून वाटतं.

जे लेकरू कधीच शाळेत आलं नाही किंवा मधेच सुटलं, त्याच्यासाठी कलम ४ आहे. अकरा वर्षांच्या मुलीला पहिलीत नाही, तिच्या वयाच्या वर्गात दाखल करायचं आणि बाकीच्यांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं. केंद्राच्या नमुना नियमांत त्याची मुदत कमीत कमी तीन महिने आणि गरजेप्रमाणे दोन वर्षांपर्यंत आहे. घाई करू नका, ती मुदत त्या मुलीच्या हक्काची आहे.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. जूनच्या पहिल्याच बैठकीत या वर्गाचा ठराव घ्या: कोणती वेळ, कोणती खोली, कोणतं साहित्य. पाट्या, रंगीत खडू, गोष्टींची पुस्तकं हे शाळेला मिळणाऱ्या अनुदानातून आणता येतं. ठराव कागदावर असला की पुढं कुणी बदलून आलं तरी वर्ग बंद पडत नाही.

लेकरू कुठं आहे ते शोधा

शाळा उघडल्यावर पहिला आठवडा मी शिकवत नाही, तपासते. एकेका लेकराला बाहेर लिंबाखाली बोलावते. सगळ्या वर्गासमोर कधीच नाही. आधी इकडचं-तिकडचं बोलायचं: कोपी (फडाजवळची राहायची झोपडी) कुठं होती, बैल होते की टायरगाडी, मोबाईलला रेंज यायची का. मग चार ओळींचा एक साधा परिच्छेद पुढं ठेवायचा. सुरुवात परिच्छेदापासून करायची, अक्षरापासून नाही. परिच्छेद सरळ वाचला तर गोष्ट द्यायची. अडखळला तर सुटे शब्द दाखवायचे. पाचातले चार शब्द आले तर तो शब्दांवर आहे, नाही आले तर अक्षरं दाखवायची, तिथंही तोच हिशेब. ‘असर’ या खेड्यांतल्या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीत २००५ पासून गावोगाव हीच रीत वापरतात. एका लेकराला पाच मिनिटं पुरतात. गणितात वजाबाकीपासून सुरू करा आणि जमेल तसं खाली उतरा.

मागच्या जूनमध्ये आमचा पट ४१ होता, त्यातली १७ लेकरं ऊसतोडीची. चौथीतला एक मुलगा अक्षरांवर निघाला आणि दुसरीतली एक मुलगी गोष्ट वाचत होती. तिच्या आजीनं तिला गावातच ठेवून घेतलं होतं.

आता गट पाडायचे. इयत्तेप्रमाणे नाही, वाचनाप्रमाणे. तिसरी, चौथी, पाचवीतली अक्षरांवरची लेकरं एकत्र, शब्दांवरची एकत्र. एवढी एकच गोष्ट केली तरी निम्मं काम होतं. याला मोठा पुरावाही आहे. मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेनं बालसखी चालवली होती. वस्तीतलीच शिकलेली तरुण मुलगी तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वेगळी बसवून त्यांना वाचन आणि गणिताचा पाया शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला आणि मुलांचे गुण खरोखर वाढलेले दिसले. या दोघांना पुढं २०१९ मध्ये नोबेल मिळालं. त्याच अभ्यासात असंही दिसलं, की कार्यक्रम संपल्यावर मिळवलेल्यातलं बरंच ओसरलं. म्हणून माझं म्हणणं असं, की वर्ग एका वर्षापुरता धरू नका. दर जूनला पुन्हा तपासा.

गटांना ‘अ’, ‘ब’, ‘क’ म्हणू नका, लेकरांना त्याचा अर्थ लगेच कळतो. आमच्याकडे झाडांची नावं आहेत: लिंब, बाभूळ, चिंच. आणि भिंतीवर स्तरांचा तक्ता लावू नका, तो तुमच्या वहीत ठेवा.

वेळ कोणती

शाळा सुटल्यावर नको. आमच्या लेकरांना घरी शेळ्या आणायच्या असतात, पाणी भरायचं असतं, लहान भावंडं सांभाळायची असतात. सुटल्यावरच्या वर्गाला नेमकं जे लेकरू यायला हवं तेच येत नाही. परिपाठ झाल्याबरोबर पहिला तास हाच. सगळी शाळा त्या तासाला वाचनाच्या गटांत बसते. आमचे सर शब्द आणि परिच्छेद घेतात, मी अक्षरं घेते, गोष्टवाले स्वतः वाचतात. सगळेच उठून कुठंतरी जातात, त्यामुळं कुणालाच वेगळं काढल्यासारखं वाटत नाही.

पाचवीतली एक मुलगी रोज कडेवर दीड वर्षाचा भाऊ घेऊन यायची. बसू द्या त्याला. त्याला एक पाटी द्या. त्याला नको म्हटलं तर तीही यायची बंद होईल.

अक्षरांपासून वाचनापर्यंत

अ अननसाचा इथून सुरुवात करू नका. आमच्या लेकरांनी अननस पाहिलेलं नाही, पण ऊस त्यांना टिपरी-टिपरीनं माहीत आहे. मी आधी बिनमात्रांचे शब्द घेते: फड, रस, जड, गवत, बस. पाच-सहा अक्षरांत किती शब्द होतात ते लेकरांनीच शोधायचं. मग काना: पाचट, वाट, गाव. मग वेलांट्या आणि मात्रा: मोळी, टोळी, कोपी, कोयता. ‘कोयता’ हा शब्द पहिल्यांदा स्वतः वाचला तेव्हा एक मुलगा इतका हरखला, की त्यानं तो दिवसभर जमिनीवर, पाटीवर, हातावर लिहिला.

जोडाक्षरं शेवटी, आणि त्यात ‘र’ला सगळ्यात जास्त वेळ द्या. ट्रक, प्रकाश, वर्ग, दुसऱ्या. चारही शब्दांत तोच र, पण प्रत्येक ठिकाणी वेगळा दिसतो. हे एकदा फळ्यावर शेजारी-शेजारी मांडून दाखवलं नाही, तर लेकरू महिनाभर ‘वर्ग’ला ‘वग’ वाचत राहतं आणि आपण त्याला निष्काळजी म्हणतो.

शब्द जुळायला लागले की त्यांच्याच गोष्टी लिहून घ्या. लेकरानं सांगायचं, मी त्याच्याच भाषेत मोठ्या अक्षरांत लिहायचं, मग त्यानं वाचायचं. ‘आम्ही पहाटे तीनला उठायचो. थंडी लई असायची. बाप तोडायचा, आई मोळ्या बांधायची.’ हा धडा कोणत्याही पुस्तकात नाही, पण यातला प्रत्येक शब्द त्याचा आहे, म्हणून तो वाचला जातो. ‘लई’ खोडून ‘खूप’ करू नका. प्रमाण भाषा नंतर शिकवता येते. तांड्यावरच्या बंजारा लेकरांच्या घरी गोरमाटी बोलतात, तिथं आईला ‘याडी’ म्हणतात. तांड्यावरची मुलगी ‘याडी’ लिहा म्हणाली तर मी ‘याडी’च लिहिते.

एक सावधगिरी. केंद्राच्या ‘निपुण भारत’ या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेत तिसरीच्या लेकरानं मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचावेत असं उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट चांगलं आहे, पण पहिल्या महिन्यात घड्याळ बाहेर काढू नका. घाबरलेलं लेकरू अंदाजानं शब्द फेकतं आणि ती सवय मोडायला नंतर फार त्रास होतो.

गणिताची मोळी

दशक शिकवायला विकतचं साहित्य लागत नाही. लेकरांना काड्या गोळा करायला सांगा आणि दहा-दहाची मोळी बांधायला लावा. आमच्या लेकरांना मोळी बांधता येते, शिक्षकापेक्षा चांगली येते. ५२ म्हणजे पाच मोळ्या आणि दोन सुट्या काड्या. त्यातून २७ काढायचे. सुट्या दोनच आहेत, सात कुठून द्यायच्या? एक मोळी सोडायची. बारा सुट्या झाल्या, सात दिल्या, पाच राहिल्या. चार मोळ्यांतल्या दोन दिल्या, दोन राहिल्या. पंचवीस. हातचा म्हणजे मोळी सोडणं, हे हातानं केल्यावर मग पाटीवर मांडायचं. दहा दिवस तरी काड्या सोडू नका.

संख्या ऐकून लिहिताना दोन चुका हमखास होतात. ‘सत्तावीस’मध्ये सात आधी ऐकू येतो, म्हणून लेकरू ७२ लिहितं. आणि ‘एकोणसाठ’मध्ये साठ ऐकू येतो, म्हणून ६९ लिहितं. यात लेकराचा दोष नाही, आपल्या भाषेची संख्या सांगायची रीतच तशी आहे. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ असं वाचन आलं तेव्हा राज्यभर वाद झाला. माझ्या वर्गात दोन्ही चालतात. लिहिताना अडलं तर ‘वीस सात’ म्हणायचं, बाजारात ‘सत्तावीस’ म्हणायचं. ‘एकोण’ म्हणजे एक कमी, हे मात्र पाठ नाही करायचं, साठ काड्यांतली एक काढून दाखवायची.

तोंडी उदाहरणं त्यांच्या जगातली द्या: टन, खेपा, मजुरी. उचलीची उदाहरणं मी देत नाही. त्या आकड्याचं ओझं लेकरू घरी रोज ऐकतं.

नोंद आणि पुढची हलवाहलव

दर पंधरा दिवसांनी पुन्हा लिंबाखाली. जो पुढं गेला त्याला त्याच दिवशी पुढच्या गटात बसवा, महिनाअखेरीची वाट पाहू नका. एका लेकराला वहीचं एक पान: तारीख, काय वाचलं, कुठं अडलं. कोरोनानंतर १ जुलै ते १४ ऑगस्ट २०२१ असा ४५ दिवसांचा सेतू अभ्यास राज्यात झाला. मागच्या वर्षीचं आधी भरून काढायचं, ही कल्पना योग्यच होती. पण कृतिपत्रिका वाचता येणाऱ्यासाठी होत्या. अक्षरांवरचं लेकरू त्या कागदाकडं नुसतं बघत बसायचं. तेव्हापासून मी छापील कागद हाती येण्याआधी स्तर तपासते.

दसऱ्याआधी

सप्टेंबरमध्येच घरोघर जाऊन यादी करा: कोण जाणार, कोण आजीकडं राहू शकतं. शासनाची हंगामी वसतिगृहं याच लेकरांसाठी आहेत. आई-बाप गेले तरी लेकरू गावात राहतं आणि त्याच्या जेवणाची सोय होते. पण कोयते निघून गेल्यावर मंजुरी आली तर उपयोग नाही. एका वर्षी आमच्याकडं तसंच झालं, नऊ लेकरं राहायला तयार होती आणि सगळी गेली. म्हणून प्रस्ताव यादीसकट लवकर द्या आणि पोहोच घ्या. आजीशी स्वतः बोला. मुलीच्या बाबतीत तर दोनदा बोला, कारण तिला मागं ठेवायला आईचा जीव धजत नाही आणि ते बरोबरच आहे.

जे जाणार, त्यांच्या हाती शिक्षण हमी पत्रक द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसायला अडचण येत नाही. त्यावर पालकाचा आणि शाळेचा नंबर लिहा. दप्तरात वहीतल्या त्याच्या पानाची नक्कल घाला, तिकडच्या शिक्षकाला कळावं की हा शब्दांवर आहे, परिच्छेदाला लागतो आहे. बरोबर त्यानं सांगितलेल्या गोष्टींचे चार-पाच कागद.

फोन रात्री आठनंतर करा, त्याआधी आई-बाप फडात किंवा गाडी भरण्यात असतात. आधी विचारा, गाडी खाली झाली का, जेवणं झाली का. मग लेकराला फोनवर घ्या आणि त्या कागदातलं एक पान वाचून दाखवायला सांगा.