वीस तासांची हेरकथा ऐकताना या चुका टाळा

छापील हेरकथेत एखादे नाव ओळखीचे वाटूनही आठवेनासे झाले, तर आपण पानात बोट घालून मागे जातो आणि खात्री करून घेतो. कानाला ही सोय नाही. इंग्रजी ऑडिओबुकचे निवेदन साधारणपणे तासाला नऊ हजार शब्दांच्या आसपास चालते, म्हणजे वीस तासांत पावणेदोन लाखांहून अधिक शब्द कानांवरून जातात. त्यात कथा एकाच वेळी हेरगिरीची, प्रेमाची, इतिहासाची आणि कधी विज्ञानकल्पनेचीही असेल, तर धागा सुटायला वेळ लागत नाही. अशा वेळी अनेकजण पुस्तक कंटाळवाणे ठरवून सोडून देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण चूक बहुधा ऐकण्याच्या पद्धतीत असते आणि ती सुधारता येते.

सर्वांत महागात पडते ते प्रकरणाच्या आरंभाकडे झालेले दुर्लक्ष. स्थळ आणि वर्ष निवेदक तिथे दोन-चार शब्दांत सांगून टाकतो आणि पुढे पुन्हा सांगत नाही. एकदा भांडी घासताना नळाच्या आवाजात माझे तेवढेच शब्द बुडाले. नळ बंद केला, तेव्हा आधीच्या प्रकरणात गोळी लागून मेलेला माणूस खिडकीशी उभा राहून सिगारेट पेटवत होता. त्याचा मृत्यू हा बनाव असावा, असे समजून मी पाऊण तास ऐकत राहिले. प्रत्यक्षात कथा सहा वर्षे मागे गेली होती. तेव्हापासून नवे प्रकरण सुरू होताना मी हातातले काम थांबवते. तरीही काळ निसटलाच, तर संस्थांची नावे मदतीला येतात. अमेरिकेची युद्धकाळातली गुप्तचर संस्था ओएसएस १९४२ ते १९४५ या काळात होती, तिथलीच सीआयए १९४७मध्ये आली आणि सोव्हिएत गुप्तचर संस्थेचे केजीबी हे नाव १९५४ ते १९९१ या काळातले आहे. त्यामुळे पात्रे केजीबीला वर्तमानातली संस्था मानून बोलत असतील, तर प्रसंग दुसऱ्या महायुद्धातला असू शकत नाही.

दुसरी चूक म्हणजे सगळी नावे लक्षात राहतील, असे गृहीत धरणे. हेराला खरे नाव असते, वावरण्यासाठी घेतलेले खोटे नाव असते आणि फाइलमध्ये सांकेतिक नाव असते. सोव्हिएत संघासाठी छुपी हेरगिरी करणारा आणि १९६३मध्ये बैरूतहून मॉस्कोला पळून गेलेला ब्रिटिश गुप्तहेर किम फिल्बी सोव्हिएत कागदपत्रांत ‘स्टॅनली’ होता. लेखक हीच रीत कथेत वापरतात. म्हणून एक कागद जवळ ठेवावा, नावे जशी ऐकू येतात तशीच देवनागरीत लिहावीत आणि कोण कोणाशी खोटे बोलले, एवढेच पुढे टिपावे. पात्राचे नाव इंटरनेटवर शोधण्याचा मोह मात्र टाळावा, कारण शोधाच्या सूचनांमध्येच ‘मृत्यू’ हा शब्द दिसला, की रहस्य संपते.

अनेक प्रकारांच्या मिश्रणामुळे होणारा गोंधळ वेगळा असतो. अर्धे पुस्तक सरळ हेरगिरीत जाते आणि अचानक भूतकाळात डोकावणारे यंत्र किंवा मेलेल्या आईचा आवाज येतो. आपले काहीतरी ऐकायचे राहिले, असे वाटून श्रोता तासभर मागे जातो. त्याआधी पात्रांकडे लक्ष द्यावे. तीही चकित झाली असतील, तर तुमचे काहीही सुटलेले नाही, लेखकाने वळण तिथेच घेतले आहे. पण ती त्या गोष्टीविषयी सवयीने बोलत असतील, तर मात्र खुशाल मागे जावे.

वेगाची घाई या प्रकारच्या पुस्तकांना मानवत नाही. खोटे बोलण्याआधी पात्र क्षणभर थांबते, आणि चांगला निवेदक तो विराम जपतो. दीडपट वेगात नेमका तोच चिरडला जातो. पहिले दोन तास मूळ वेगानेच ऐकावे, कान सरावल्यावर सव्वापटीपर्यंत जाण्यास हरकत नाही. पुस्तक निवडताना ते संक्षिप्त आवृत्तीचे नाही ना, हेही तपासावे, कारण कापाकापीत बहुधा उपकथानके जातात आणि मिश्र प्रकाराच्या कथेचा जीव त्यांतच असतो.

रात्री ऐकणाऱ्यांनी स्लीप टाइमर, म्हणजे ऐकणे आपोआप थांबवणारी सोय, मिनिटांवर न लावता, अॅपमध्ये सोय असल्यास, प्रकरणाच्या शेवटावर लावावा. डोळा लागलाच, तर सकाळी ओळखीच्या वाटणाऱ्या वाक्यापासून सुरुवात करू नये, कारण अर्धवट झोपेत ऐकलेलेही ओळखीचे वाटते. जो प्रसंग स्वतःच्या शब्दांत सांगता येतो, तिथपर्यंत मागे जावे. आणि मध्ये आठवडाभराचा खंड पडला असेल, तर आधी नावांचा कागद वाचावा, शेवटचे प्रकरण पूर्ण ऐकावे आणि मगच पुढचे सुरू करावे.