जुन्या गार्डन ट्रॅक्टरला थ्रॉटल आणि चोकची नवी केबल कशी टाकावी

थंडीत इंजिन लवकर सुरू होत नाही, सुरू झालं की काळा धूर ओकतं आणि दाट गवत लागलं की धापा टाकतं. अशा इंजिनाचा कार्ब्युरेटर सगळ्यात आधी उघडला जातो. तो उघडण्याआधी एअर क्लीनर काढून चोकच्या, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना हवा अडवणाऱ्या, झडपेकडे पाहा. डॅशबोर्डवरची चोकची मुठी पूर्ण ओढूनही झडपेच्या कडेला चंद्रकोरीसारखी फट राहत असेल, किंवा मुठी पूर्ण आत ढकलूनही झडप तिरकीच उभी असेल, तर कार्ब्युरेटरला हात लावू नका. आधी केबल नीट करा.

हा लेख कोहलरच्या के-मालिकेतल्या एक सिलिंडरच्या इंजिनांसाठी आहे. अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ मध्ये पहिला कब कॅडेट गार्डन ट्रॅक्टर बाजारात आणला, तेव्हा त्यात ७ अश्वशक्तीचं के-१६१ होतं. पुढे १२२ ते १२५ या मॉडेलांमध्ये १२ अश्वशक्तीचं के-३०१ आलं. हेच उदाहरण इथे डोळ्यांसमोर ठेवलं आहे. जॉन डिअर ११० आणि व्हील हॉर्स या ट्रॅक्टरांवरही याच घराण्यातली इंजिनं आहेत. त्यांची मांडणी वेगळी असली, तरी केबलचे नियम तेच.

थ्रॉटलची केबल कुठे जोडायची

नव्या माणसाची सगळ्यात महागडी चूक इथेच होते. थ्रॉटलची केबल कार्ब्युरेटरच्या फुलपाखराला, म्हणजे मिश्रणाची वाट कमीजास्त करणाऱ्या बटरफ्लाय झडपेला, जोडायची नसते. ती ब्लॉकच्या बाजूला बोल्ट केलेल्या ब्रॅकेटवरच्या स्पीड लिव्हरला जाते. त्या लिव्हरपासून एक स्प्रिंग गव्हर्नरच्या (इंजिनचा वेग आपोआप राखणाऱ्या यंत्रणेच्या) दांड्याला लागते आणि त्या दांड्यापासून एक बारीक लिंक कार्ब्युरेटरकडे जाते. केबलने आपण फक्त स्प्रिंगचा ताण कमीजास्त करतो, म्हणजे गव्हर्नरला ‘एवढा वेग राख’ असं सांगतो. भार वाढला की फुलपाखरू किती उघडायचं, ते गव्हर्नर ठरवतो.

केबल थेट कार्ब्युरेटरला बांधली की गव्हर्नर बाजूला पडतो. गवत कापताना भार असतो तोवर काही कळत नाही. भार सुटला की इंजिन बेफाम फिरतं. या इंजिनांची कमाल मर्यादा ३,६०० आरपीएम आहे आणि कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा आहे. अतिवेगात तो तुटला की बहुतेक वेळा ब्लॉकला भोक पाडूनच बाहेर येतो.

चोकची केबल मात्र थेट कार्ब्युरेटरवरच्या चोक लिव्हरला जाते. तिथे मधे कोणी नाही.

केबल कोणती घ्यावी

मोटारसायकलच्या केबल बदलून ज्यांचा हात बसला आहे, त्यांनी इथे थोडं थांबावं. मोटारसायकलच्या केबलमध्ये अनेक बारीक तारांचा पीळ असतो आणि ती फक्त ओढण्याचं काम करते. परत आणायला स्प्रिंग असते. ट्रॅक्टरच्या चोकला परत आणणारी स्प्रिंग नाही. मुठी आत ढकलली की तारेनेच झडप उघडायची असते. म्हणून इनर (आत सरकणारी तार) एकाच भरीव पोलादी तारेचा हवा, साधारण १.२ ते १.५ मिमी जाड, आणि आऊटर (बाहेरचं आवरण) गुंडाळलेल्या पोलादी तारेचा. पिळाची तार ढकलली की वाकते आणि चोक अर्धवट बंदच राहतो.

लांबी मोजायला सुतळी घेऊ नका, ती कोपरे कापून सरळ धावते. घरातली एखादी जाड, वाकवली की तशीच राहणारी इलेक्ट्रिकची वायर घ्या. डॅशबोर्डपासून इंजिनच्या लिव्हरपर्यंत ती खऱ्या वाटेने, खऱ्या वळणांसकट न्या, मग सरळ करून मोजा आणि त्यात १०० मिमी वाढवा. जास्तीची केबल कापता येते. कमी पडलेली ताणून बसवली की प्रत्येक वळणावर घासते.

चालही तपासून घ्या. चोक लिव्हरचं भोक झडपेच्या दांड्याच्या मध्यापासून १५ मिमीवर असेल आणि लिव्हर ७५ अंश फिरत असेल, तर तारेला सुमारे १८ मिमी सरकावं लागतं. डॅशबोर्डवरच्या मुठीची चाल त्याहून ४-५ मिमी तरी जास्त हवी. बाकी सामान थोडं आहे: दोन स्विव्हल (भोकातून तार जाते आणि वरच्या स्क्रूने आवळते तो छोटा पितळी तुकडा), आऊटर धरणारे दोन क्लॅम्प, दोन-तीन रबरी ग्रोमेट, ग्राफाइटची पूड, कानस आणि एक दाभण.

वाट आखणे

जुनी केबल काढण्याआधी तिचे चार बाजूंनी फोटो काढा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, प्लगची टोपी काढा, पेट्रोलचा कॉक बंद करा. मग इंजिनवरच्या दोन्ही लिव्हर नुसत्या बोटाने हलवून पाहा. चोकचा दांडा गंजून जड झाला असेल तर नवी केबल त्याला हलवू शकणार नाही. तो आधी मोकळा करून घ्या.

आता मुख्य काम. केबलचा जडपणा वळण मोठं की लहान, यापेक्षा सगळी वळणं मिळून एकूण किती अंश होतात, यावर जास्त ठरतो. प्रत्येक वाढीव वळणागणिक घर्षण नुसतं बेरजेने वाढत नाही, पटीने वाढतं. म्हणून ९० अंशांची दोन वळणं चालतात. चार झाली की मुठी ओढायला दोन्ही हात लागतात. एकूण १८० अंशांच्या आत राहण्याचा प्रयत्न करा. वळण लहान असेल तर वेगळाच त्रास होतो: भरीव तार तिथे कायमची वाकते आणि मग दर वेळी त्याच जागी अडते. त्रिज्या ७५ मिमीपेक्षा कमी होऊ देऊ नका.

कब कॅडेटमध्ये फ्लायव्हील (इंजिनचं जड चाक) डॅशबोर्डच्या बाजूला असतं, त्यामुळे केबल त्याच्यावरच्या फिरत्या जाळीच्या अगदी शेजारून जाते. तिथे तिला शीट मेटलला क्लॅम्पने धरलंच पाहिजे. प्लॅस्टिकची पट्टी उष्णतेने कडक होऊन तुटते आणि केबल जाळीत ओढली जाते. एक्झॉस्टच्या पाइपपासून आणि मफलरपासून ५० मिमी अंतर ठेवा. स्टार्टर-जनरेटरचा पट्टा, स्टीअरिंगचा दांडा आणि बॉनेटची बिजागरी यांच्या वाटेत केबल येऊ देऊ नका. पत्र्याच्या भोकातून जाताना ग्रोमेट हवाच. गव्हर्नरच्या दांड्याला किंवा त्याच्या लिंकला केबल नुसती टेकली तरी इंजिनचा वेग सारखा वर-खाली होत राहतो, आणि मग माणूस उगाच कार्ब्युरेटरचे जेट साफ करत बसतो.

दोन गोष्टी बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाहीत. पहिली म्हणजे पाणी. केबल मधेच खाली लोंबून पुन्हा वर जात असेल, तर त्या खोलगट भागात पाणी साठतं. बर्फ ढकलायला ठेवलेल्या ट्रॅक्टरमध्ये ते गोठतं आणि नेमका गरजेच्या सकाळी चोक दगडासारखा अडकतो. केबल डॅशबोर्डकडून इंजिनकडे सतत उतरती ठेवा. ग्रीसही भरू नका, थंडीत ते घट्ट होतं आणि धूळ धरतं. ग्राफाइटची पूड पुरते.

दुसरी गोष्ट विजेची. आऊटर पोलादी आहे आणि तो डॅशबोर्डचा पत्रा थेट इंजिनला जोडतो. इंजिनची अर्थची वायर गंजली असेल, तर स्टार्टरचा प्रवाह याच केबलमधून परत वाट शोधतो. सेल्फ मारताना चोकची मुठी गरम लागणं, आऊटरवरचं प्लॅस्टिक वितळणं, आत तार चिकटून बसणं ही त्याची लक्षणं. १९७४ नंतरच्या ‘क्वाएट लाइन’ कब कॅडेटमध्ये इंजिन रबरी माउंटवर बसतं, तिथे हा धोका अधिक. नवी केबल टाकण्याआधी बॅटरी पुन्हा जोडा, कॉइलकडे येणारी बारीक वायर काढून सेल्फ मारा आणि इंजिन ब्लॉक व बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यातलं व्होल्टेज मोजा. तो ०.२ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर आधी अर्थची वायर बदला, नाहीतर नवी केबलही जळेल. त्याच रबरी माउंटच्या गाड्यांत इंजिन बरंच हलतं. तिथे डॅशबोर्डनंतरचा पुढचा क्लॅम्प इंजिनवरच घ्या आणि मधे केबलला एक सैल कमान सोडा.

कापणे

आधी इनर मुठीकडून पूर्ण बाहेर ओढून घ्या आणि मगच आऊटर कापा. पक्कडीने कापला तर गुंडाळी चेपते आणि तोंड तारेवर आवळतं. बारीक कटिंग डिस्क किंवा बारीक दातांची करवत वापरा, टोक कानशीने सपाट करा आणि तोंडात दाभण फिरवून आत वळलेली धार काढा. प्रकाशाकडे धरून तोंड गोल दिसतंय का ते पाहा. इनर पुन्हा घालताना तो बोटांच्या चिमटीत सहज सरकला पाहिजे. केबल टेबलावर असतानाच जड असेल, तर ट्रॅक्टरवर गेल्यावर ती आणखी जड होणार.

चोक बसवणे

डॅशबोर्डच्या भोकातून केबल घाला, आतून दातेरी वॉशर लावून नट आवळा. वॉशर विसरला की मुठीबरोबर सगळी केबल फिरते. आता मुठी पूर्ण आत ढकला आणि २-३ मिमी परत बाहेर काढा. ही मोकळी चाल फार महत्त्वाची आहे. तिच्यामुळे मुठी डॅशबोर्डला टेकण्याआधी झडप पूर्ण उघडते.

चोक लिव्हर हाताने पूर्ण उघडी धरा, तार स्विव्हलमध्ये घाला आणि स्क्रू आवळा. स्क्रूचं टोक टोकदार असेल तर ते कानशीने चपटं करून घ्या. टोकदार स्क्रू तारेला खाच पाडतो आणि पाच-सहा महिन्यांनी तार तिथेच तुटते. क्लॅम्प शेवटी आवळायचा, कारण बारीक जुळवणी तार सोडून नव्हे, आऊटर पुढे-मागे सरकवून करायची असते.

क्लॅम्पची जागा अशी निवडा की लिव्हर अर्ध्यावर असताना तार आणि लिव्हर यांच्यात काटकोन होईल, आणि आऊटरच्या तोंडापासून स्विव्हलपर्यंतची उघडी तार ५० मिमीच्या आत राहील. उघडी तार जास्त असेल तर ढकलताना ती धनुष्यासारखी वाकते. मुठी आत जाते, झडप मात्र जागची हलत नाही.

मग मुठी ओढा. एअर क्लीनर काढलेलाच आहे. आत विजेरी धरून पाहा, झडप चारी बाजूंनी टेकली पाहिजे. मुठी ढकला. झडप हवेच्या वाटेला समांतर उभी राहिली पाहिजे. ती थोडी जरी तिरकी राहिली, तर मिश्रणात पेट्रोल जास्त होतं, प्लग काजळतो आणि जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून ऑइलमध्ये मिसळतं. ऑइलच्या काडीला पेट्रोलचा वास आला की आधी इथे बघा.

थ्रॉटल बसवणे

डॅशबोर्डवरचा लिव्हर ‘फास्ट’च्या टोकाला नेऊन २-३ मिमी मागे घ्या. इंजिनवरचा स्पीड लिव्हर त्याच्या वेगवान बाजूच्या स्टॉपला टेकवा, तार आवळा, क्लॅम्प आवळा. टेकायचं ते इंजिनवरच्या स्टॉपला. डॅशबोर्डवरचा लिव्हर आधी टेकला तर पूर्ण वेग कधीच मिळणार नाही.

इंजिन बंद असताना ‘फास्ट’वर स्प्रिंग गव्हर्नरचा दांडा खेचून फुलपाखरू पूर्ण उघडं धरते. दांडा बोटाने दाबून सोडा, तो लगेच परत आला पाहिजे. ‘स्लो’वर स्प्रिंग सैल पडते. तेव्हा बंद इंजिनचं फुलपाखरू उघडंच दिसलं तर घाबरू नका. इंजिन चालू होऊन आतली वजनं फिरल्याशिवाय गव्हर्नर ते बंद करत नाही.

तारेचं जास्तीचं टोक स्विव्हलपलीकडे १०-१२ मिमी ठेवून कापा आणि स्प्रिंगपासून दूर वळवा.

चालवून पाहणे

कॉइलची वायर, प्लगची टोपी जोडा, पेट्रोलचा कॉक उघडा आणि इंजिन गरम करून आरपीएम मोजा. प्लगच्या वायरला लावायचा टॅकोमीटर असेल तर त्याची सेटिंग आधी पाहा. या इंजिनात पॉइंट (ठिणगी पाडणारे संपर्क) कॅमशाफ्टवर चालतात, म्हणून दोन फेऱ्यांना एकच ठिणगी पडते. मीटर ‘एका फेरीला एक ठिणगी’ वर असेल तर ३,६०० ला तो १,८०० दाखवेल, आणि त्यावर भरवसा ठेवून वेग वाढवणारा माणूस इंजिन फोडून बसेल. भाराविना कमाल ३,६००, आणि ‘स्लो’वर कार्ब्युरेटरच्या आयडल स्क्रूने १,२००.

इंजिन चालू ठेवून स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, बॉनेट उघडा आणि बंद करा. वेगात जरा जरी फरक पडला तर केबल कुठेतरी ओढली जाते आहे. लिव्हर ‘फास्ट’वर ठेवूनही हळूहळू आपोआप खाली सरकत असेल, तर दोष केबलचा नाही. स्पीड लिव्हरच्या घर्षण वॉशरवरचा नट सैल झालेला असतो. तो थोडा आवळा.

शेवटी क्लॅम्पच्या कडेला आऊटरवर रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवा. दोन तास काम झाल्यावर इंजिन थंड होऊ द्या, दोन्ही स्विव्हलचे स्क्रू पुन्हा आवळा आणि रेघ क्लॅम्पपासून सरकली आहे का ते बघा. सरकली असेल तर आऊटर तेवढाच मागे घेऊन क्लॅम्प पुन्हा आवळा.