व्हॅक्युम केल्यावर शिंका येतात? मशीनची मागची बाजू तपासा

व्हॅक्युम क्लीनर फिरवून झाला, फरशी-गालिचा चकाचक दिसतोय आणि तरी थोड्या वेळाने घरातलं कोणीतरी शिंकायला लागतं, असं होत असेल तर मशीन नीट खेचत नाही असा संशय येतो. पण बहुतेक वेळा ते खेचत असतं छान, गडबड मागे असते. पुढून जेवढी हवा आत जाते तेवढीच मागून बाहेर येते, आणि मध्ये जे अडकलं नाही ते परत आपल्याच खोलीत. म्हणजे कोपऱ्यात गप पडलेली धूळ आपणच उचलून नाकापर्यंत आणून पोचवली.

म्हणून आधी तपासणी. मशीन स्वच्छ पुसलेल्या टेबलावर ठेवा (जमिनीवर ठेवलं तर बाहेरची हवा तिथलीच धूळ उडवते आणि काही कळत नाही), खोलीत अंधार करा, मशीन चालू करून हवा बाहेर पडते तिथे टॉर्च आडवा धरा. उजेडात कण नाचताना दिसले तर फिल्टर तरी गेलाय नाहीतर नीट बसलेला नाही. काहीच दिसलं नाही म्हणून लगेच खूश होऊ नका, सगळ्यात बारीक कण डोळ्यांना दिसतच नाहीत. आता प्लग काढा, मशीन उघडा, आणि फिल्टरच्या कडेने, झाकणाच्या फटीत कुठे काळपट रेघ उमटलीय का बघा. ती रेघ म्हणजे हवा फिल्टरमधून न जाता बाजूने पळतेय. माझ्या मते टॉर्चपेक्षा ही रेघ जास्त खरं सांगते.

रेघ दिसली तर फिल्टर बदलायच्या आधी त्याची जागा आणि रबरी सील ओल्या कापडाने पुसा, वाळू द्या, फिल्टर काढून परत नीट दाबून बसवा. रबर कडक झालं असेल, चिरलं असेल तर ते बदलायचं. हवा नेहमी सोपी वाट शोधते, त्यामुळे फिल्टर कितीही भारी आणला आणि कडेला बारीक फट राहिली तर पैसे पाण्यात.

आता फिल्टर कोणता. डब्यावर हेपा (HEPA, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर) लिहिलेलं बघून उडी मारू नका, 'हेपा टाइप', 'हेपा सारखा' असलं लिहिलं असेल तर त्याला ठरलेलं माप नसतं. एच१३ (हेपाची युरोपियन मापातली एक प्रत) असं लिहिलेला फिल्टर अडवायला सगळ्यात अवघड आकाराचे कणसुद्धा ९९.९५ टक्के अडवतो, अमेरिकन हिशोबात हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवणारा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. आणि गंमत म्हणजे ०.३ पेक्षा लहान कण सुटून जातात असं नाही, उलट ते हवेत इतके वेडेवाकडे भरकटतात की फिल्टरच्या धाग्यांना जाऊन चिकटतातच. मोठे कण सरळ आपटतात. मधल्यांचीच पंचाईत. फक्त एक लक्षात ठेवा, हे आकडे फिल्टरचे आहेत, अख्ख्या मशीनचे नाहीत, म्हणून विकत घेताना पूर्ण मशीन सीलबंद आहे का ते विचारा.

धुण्याचं बघू. मोटरच्या आधीचा फोम बऱ्याच मशीनमध्ये धुता येतो, हेपा मात्र धुण्याजोगा असं स्पष्ट लिहिलं असेल तरच धुवायचा, आणि ब्रशने घासायचा नाही, धागे तुटतात. धुतल्यावर निदान २४ तास वाळवा. मी एकदा घाई करून ओलसरच बसवला होता, पुढचे कित्येक दिवस मशीन चालू केलं की कुबट वास, शेवटी तो फिल्टर फेकावाच लागला. वासावरून आठवलं, हेपा कण अडवतो, वास म्हणजे वायू, तो आरपार जातो, त्याला ॲक्टिव्हेटेड कार्बनचा (वास शोषणाऱ्या खास कोळशाचा) थर लागतो.

बॅगवालं मशीन असेल तर बॅग गच्च भरेपर्यंत थांबू नका, साधारण दोन तृतीयांश भरली की बदला. बिनबॅगच्या मशीनमध्ये खरी धूळ खायची वेळ येते ती डबा रिकामा करताना, तेव्हा घराबाहेर जा, मास्क लावा, डबा पिशवीत आत घालून हळू उलटा करा आणि पिशवीचं तोंड लगेच बांधा. कोणाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर हे काम त्यांना देऊच नका, खरं तर अशा घरात मी बॅगवालंच घेईन.

फिरवताना आधी वरची धूळ ओल्या फडक्याने पुसा, मग मशीन, खिडक्या उघड्या (बाहेर धूर-धूळ नसेल तर), आणि हात हळू, घाईघाईत पुढेमागे केलं की गालिच्यातलं खोलवरचं येतच नाही. झाल्यावर थोडा वेळ खोली तशीच सोडा. स्थिर हवेत १० मायक्रॉनचा कण दीड मीटरवरून खाली यायला साधारण ८ मिनिटं घेतो, पण १ मायक्रॉनचा कण जवळजवळ १२ तास तरंगतो! म्हणजे बारीक धूळ खाली बसायची वाट बघण्यात अर्थ नाही, ती खिडकीतून बाहेर जायला हवी नाहीतर फिल्टरमध्ये अडकायला हवी.

आणि घरात भिंत फोडलीय, प्लास्टर किंवा सिमेंटची धूळ पडलीय तर घरातलं मशीन त्यात अजिबात घालू नका. फिल्टर लगेच चोंदतो, मोटर तापते, आणि साधा फिल्टर असेल तर ती पूड मागून घरभर उडते. त्या कामाची वेगळी मशीनं मिळतात, ती भाड्याने आणा.