ड्यून पार्ट टू पाहून मत ठोकायच्या आधी या चुका टाळा

आपल्या नागपुरात कोणाला सिनेमा कसा वाटला विचारलं की दोनच उत्तरं येतात, ‘एक नंबर’ नाहीतर ‘पकवला बे’. ड्यून पार्ट टू हा वाळवंटी ग्रहावरचा सायन्स फिक्शन सिनेमा १ मार्च २०२४ ला थिएटरात लागला तेव्हापासून हेच चालू आहे आणि आता घरी टीव्हीवर पाहणारे पोट्टेही तेच लिहून राहिले. मत काहीही असू द्या ना, माझी हरकत नाही. पण ते मत कशावरून बनलं हे जरा उकरून पाहिलं की कळतं, अर्ध्या लोकांनी सिनेमा नीट ऐकलाच नाही आणि उरलेल्या अर्ध्यांनी डोक्यात आधीच एक दुसरा सिनेमा लावून ठेवला होता. पुढे स्पॉयलर भरपूर आहेत, ज्यांनी पाहिला नाही त्यांनी इथूनच परत फिरा.

चूक: पहिला भाग सोडून थेट दुसरा लावणं

हे सगळ्यात कॉमन. आपल्याला सवय झाली आहे की पार्ट टू म्हणजे नवीन व्हिलन, नवीन स्टोरी, मधे दोन मिनिटं जुनं दाखवतील आणि आपण गाडी पकडू. इथं तसं नाही. फ्रँक हर्बर्टची १९६५ ची एकच कादंबरी मधून कापून दोन सिनेमे केले आहेत आणि दुसरा भाग पहिला संपतो तिथूनच लगेच सुरू होतो, म्हणजे जामिसचं प्रेत खांद्यावर घेऊन फ्रेमेन, म्हणजे त्या वाळवंटी ग्रहावरचे लोक, चालून राहिले तिथून. आता जामिस कोण, त्याला पॉलनं, म्हणजे बाहेरून तिथं आलेल्या मुख्य पात्रानं, काहून मारलं, हे माहीत नसेल तर पहिला अर्धा तास डोक्यावरून जाणार आणि मग आपण म्हणणार स्क्रिप्ट गोंधळलेली आहे.

याच्या उलटी चूकही आहे. २०२१ चा पहिला भाग ‘अर्धवट’ म्हणून ज्यांनी मोडीत काढला त्यांनी हे लक्षात घ्या की दुसऱ्या भागाला स्टुडिओचा होकारच पहिला भाग लागल्यावर मिळाला. दिग्दर्शक डेनी व्हिलनव्हला अर्धी गोष्ट सांगून थांबायची रिस्क घ्यावी लागली होती. १५५ मिनिटं आणि १६६ मिनिटं, एका रविवारी जमत नसेल तर शनिवार रविवार वाटून घ्या, पण दोन्ही जवळजवळ पाहा.

चूक: पॉलला हिरो धरून सिनेमा मोजणं

इथं मी जरा जास्त बोलणार, कारण बाकी सगळ्या चुका माफ आहेत, ही नाही. लोक म्हणतात शेवट फुसका आहे, हिरो जिंकला पण मजा नाही आली, हिरोईन रागावून निघून गेली, हे काय आहे बावा. अहो, मजा येऊ नये म्हणूनच तर तो शेवट तसा आहे. हर्बर्टची सगळी कादंबरीच ‘तारणहार’ माणसांपासून सांभाळून राहा असं सांगणारी होती, वाचकांनी तरीही पॉलला डोक्यावर घेतलं आणि मग १९६९ मध्ये पुढच्या पुस्तकात त्याला तेच जास्त उघड करून लिहावं लागलं. व्हिलनव्हनं ही गोष्ट ओळखून पॉलच्या फ्रेमेन प्रेयसीचं, चानीचं पात्रच बदललं. पुस्तकातली चानी पॉलच्या बाजूनं शेवटपर्यंत उभी आहे, सिनेमातली चानी तारणहार येणार या भविष्यवाणीवर विश्वासच ठेवत नाही, ती सरळ सांगते की ही भविष्यवाणी आम्हाला गुलाम ठेवायची युक्ती आहे, आणि तिचं बरोबरही आहे, कारण बेने गेसेरिट नावाच्या गूढ पंथातल्या बायांनी ती शेकडो वर्षांआधीच या ग्रहावर पेरून ठेवली होती.

म्हणून दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा पॉलकडे नका पाहू, जिथं गर्दी आहे तिथं चानीचा चेहरा शोधा. ग्रहाच्या दक्षिणेतल्या त्या मोठ्या सभेत पॉल उठून बोलतो, लोकांच्या मनातलं त्यांनाच सांगतो, बापाची अंगठी घालतो, पार्श्वसंगीत चढतं, थिएटरात शिट्ट्या पडतात. आता त्याच क्षणी चानी झालेल्या झेंडायाचा चेहरा पाहा. दिग्दर्शकानं तुम्हाला शिट्टी वाजवायला लावली आणि सोबतच शिट्टी न वाजवणारी एकटी बाई दाखवली. आपल्याकडे चौकाचौकात भाऊंचे फ्लेक्स लागलेले असतात, त्या गर्दीत ‘हे काही बरोबर नाही राहिलं’ म्हणणाऱ्या एखादीची जशी गत होते तशीच तिची होते.

आणि फ्रेमेनांचा सरदार स्टिल्गार! ते काम करणाऱ्या हाविएर बार्डेमच्या सीनला सगळे हसतात. पॉल म्हणतो मी तो तारणहार नाही, तर हा म्हणतो पाहा किती नम्र आहे, म्हणजे तोच आहे. हॉल हसतो, मीही हसलो, कॉमेडी रिलीफ म्हणून लोक रिव्ह्यूत लिहूनही मोकळे झाले. पण हेच पात्र शेवटी पॉलच्या एका इशाऱ्यावर सैन्य घेऊन दुसऱ्या ग्रहांवर युद्ध करायला निघतं. सुरुवातीला दोस्तासारखा टोमणे मारणारा माणूस शेवटी फक्त मान डोलावणारा झालेला असतो आणि हे इतकं हळू होतं की लक्षातच येत नाही कधी झालं. माझ्या मते अख्ख्या सिनेमातलं सगळ्यात चांगलं लिहिलेलं पात्र हेच आहे, पॉल नाही.

तर टेस्ट अशी: शेवट पाहून तुम्हाला विचित्र वाटलं, ना धड आनंद ना धड दुःख, तर सिनेमा चालला. ‘विजय’ वाटला तर परत पाहा.

प्रॉब्लेम: डायलॉग ऐकू येत नाही, पिक्चर काळा दिसतो

हा सिनेमाचा दोष म्हणून खूप जण लिहितात आणि निम्म्या वेळा दोष घरातला असतो. मे महिन्यात दुपारी पाहून राहिले तर खिडकीला लोखंडी कूलर फुल स्पीडवर, त्याचा पंप, खसच्या ताट्यांवरून पडणारं पाणी, आणि इकडे पॉल आणि त्याची आई कुजबुजून बोलून राहिले, कसं ऐकू येईल! आवाज वाढवला की पुढच्याच सीनला वाळूतून भलामोठा किडा निघतो आणि शेजारचे काका दार वाजवतात. सिनेमातला हळू आवाज आणि मोठा आवाज यातलं अंतर मुद्दामच मोठं ठेवलं आहे. उपाय साधा, रात्री पाहा, कूलर लो स्पीडवर टाका किंवा हेडफोन लावा, आणि सबटायटल चालूच ठेवा, कारण फ्रेमेन लोक त्यांच्या चाकोब्सा भाषेत बरंच बोलतात आणि ते नाही वाचलं तर अर्धं राजकारण निसटतं.

टीव्हीत जे मोशन स्मूद करायचं सेटिंग असतं ते बंद करा, त्यानं सिनेमा सिरियलसारखा दिसतो. पिक्चर मोड सिनेमावर टाका, खोलीत अंधार करा. मोबाइलवर पाहून ‘काही खास नाही’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलं.

एक गोष्ट मात्र टीव्ही बिघडला म्हणून दुरुस्त करायला जाऊ नका. पॉलच्या शत्रूंच्या, म्हणजे हार्कोनेन लोकांच्या ग्रहावर आखाड्यातला तो लांब सीन काळा-पांढरा आहे, तो तसाच आहे. सिनेमॅटोग्राफर ग्रेग फ्रेझरनं तो इन्फ्रारेड पकडणाऱ्या कॅमेऱ्यावर शूट केला, म्हणून माणसांची कातडी मेणासारखी दिसते आणि डोळे भलतेच. तिथला सूर्यच काळा आहे, ऊन पडलं की रंग जातो आणि सावलीत आत गेलं की रंग परत येतो, हे नीट पाहिलं तर कळतं. नंतर कॉम्प्युटरवर नुसता रंग काढून टाकला असता तर असं नसतं दिसलं.

चूक: जिथं तिथं लॉजिक शोधणं (आणि जिथं शोधायचं तिथं न शोधणं)

नागपूरकर माणसाला एक गोष्ट खटकणारच. आपण ४५ डिग्रीत सीताबर्डीला जायचं तरी तोंडाला दुपट्टा बांधून, खिशात कांदा ठेवून निघतो, आणि हे फ्रेमेन लोक पाण्याचा एकेक थेंब वाचवायला आख्खा सूट घालतात आणि नाकतोंड उघडं टाकून गप्पा मारतात. तक्रार रास्त आहे. कादंबरीत नाकाच्या फिल्टरबद्दल खूप काटेकोर लिहिलं आहे. पण चेहरा झाकला तर अ‍ॅक्टिंग कुठून दिसणार, ही सगळ्या सिनेमांची अडचण आहे, त्यावरून दोन स्टार कापणं जास्तच होतं.

आणि ‘एवढा मोठा किडा, त्यावर माणूस कसा बसणार’ म्हणणाऱ्यांनी पाहिलंच नाही. आकडे, म्हणजे हुक टाकून त्याच्या अंगाची एक कड उचलून धरतात, आत वाळू जायला नको म्हणून तो ती बाजू वर ठेवतो आणि वाळूत डुबकी मारत नाही. ठेका न धरता वाकडंतिकडं चालायचं, कारण किडा ठेक्यावर येतो, आणि बोलवायचा असेल तर ठोकायचं यंत्र वाळूत रोवायचं. सिनेमानं स्वतःचे नियम केले आणि पाळले. स्वारीच्या सीनसाठी तर शूटिंगचं वेगळं युनिटच होतं.

लॉजिक शोधायचंच असेल तर काळात शोधा. कादंबरीत हे सगळं व्हायला दोन वर्षांच्या वर लागतात, सिनेमात नऊ महिन्यांच्या आत उरकतं, कारण पॉलची बहीण शेवटपर्यंत पोटातच असते. पुस्तकात ती जन्मलेली असते आणि छोटीशी पोरगी हार्कोनेनांच्या प्रमुखाला, बॅरनला मारते, इथं ते काम पॉल करतो. बोलणारी मारेकरी पोरगी पडद्यावर हास्यास्पद दिसली असती हे मान्य, पण त्याची किंमत मोजावी लागली. परका पोरगा इतक्या कमी वेळात भाषा शिकतो, सेनापती होतो, देव होतो, हे पचत नाही, आणि त्याचं प्रेमही घाईत आटोपल्यासारखं वाटतं.

चूक: दिसतं भारी म्हणून बाकी माफ

फॅन लोकांची चूक. अबू धाबी आणि जॉर्डनची खरी वाळू, खरं ऊन, सुरुवातीचा नारिंगी ग्रहणातला हल्ला, सगळं कबूल, व्हिज्युअल इफेक्ट्स आणि साउंडची ऑस्कर उगाच नाही मिळाली. पण क्रिस्तोफर वॉकेनचा बादशहा कोणालाच घाबरवत नाही, अख्खं विश्व चालवणारा माणूस रिटायर झालेल्या हेडमास्तरसारखा बसून राहतो. त्याची मुलगी झालेल्या फ्लोरेन्स प्यूला डायरी बोलायचं काम. ऑस्टिन बटलरचा फेड-राउथा, म्हणजे बॅरनचा पुतण्या, भन्नाट आहे पण इतका उशिरा येतो की शेवटच्या चाकूच्या लढाईत आपल्याला त्याच्याबद्दल काहीच वाटत नाही. शेवटची लढाई तर सुरू झाली म्हणेपर्यंत संपली.

आणखी एक, जे आपल्याकडे फार कोणी लिहीत नाही. हर्बर्टनं फ्रेमेन लोकांची भाषा, श्रद्धा, रीतिरिवाज अरबी आणि इस्लामी जगातून उघडपणे घेतले होते, ‘जिहाद’ शब्द पुस्तकात ठिकठिकाणी आहे. सिनेमानं तो शब्द टाळला, वाळवंट आणि पोशाख ठेवले आणि मोठ्या भूमिकांत त्या भागातले कलाकार जवळजवळ दिसतच नाहीत. बाहेरून आलेला पोरगा दुसऱ्यांचा धर्म वापरून घेतो असं सांगणाऱ्या सिनेमानं स्वतः तेच थोडं केलं, हा माझा यावरचा सगळ्यात मोठा आक्षेप आहे.

राहिलं बारीकसारीक. ‘१९७७ पासूनच्या अवकाशयुद्धवाल्या सिनेमांची कॉपी’ असं लिहू नका, कादंबरी १९६५ ची आहे, तारखा पाहा. कमाईवरून सिनेमा चांगला ठरवू नका. आणि ‘संगीतकार हान्स झिमरला ऑस्करचं नॉमिनेशनही नाही, अन्याय झाला’ म्हणून जे भांडून राहिले त्यांच्यासाठी: पहिल्या भागातलं संगीत दुसऱ्यात बरंच परत वापरलं म्हणून ते नियमात बसलंच नाही, कोणी ऐकून नाकारलं असं नाही.